एका जागी एकच घर

या विशेष सभेच्या अध्यक्षा आणि सान रोमुआल्दोच्या महापौर दोन्या लिग्या अर्गेदास, व्यासपीठावर विराजमान झालेले नगरपरिषदेचे सन्माननीय सदस्य, राजधानीहून वाट वाकडी करून आलेले मंत्रालयाचे पाहुणे, आपल्या चर्चचे पाद्री, सभेचं इतिवृत्त लिहीत बसलेल्या नगरसचिव दोन्या हान्निया, ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलो ते सत्कारमूर्ती, नोंदप्रमुख इंजिनियर ओल्देमार विकेस, आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो! स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या, नदीकाठच्या ला पोसा वस्तीतल्या बायांनो, तुम्हालाही धरूनच बोलतेय बरं का. सर्वांना माझा नमस्कार.

मी शिनिया सेलेदोन. पूर्वी नगरपालिकेच्या संगणक विभागात इंजिनियरसाहेबांच्या हाताखाली होते, आता स्मशानभूमीच्या नोंदी सांभाळते. निरोपाचं भाषण करायला खरं तर संगणक विभागातलंच कुणीतरी हवं होतं. पण तिथे एकाचा घसा बसला, एकीच्या सासूचं ऑपरेशन निघालं, आणि तिसऱ्याने सरळ रजाच टाकली. शेवटी इंजिनियरसाहेब स्वतः म्हणाले, "शिनियाला सांगा, ती बोलते बरी." साहेब, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल काढलेले हे पहिलेच चांगले उद्गार. मी ते वाया जाऊ देणार नाही.

माझ्याआधी तिघं बोलले. महापौरबाईंनी साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं. पाद्रींनी त्यांच्या साधेपणाचं केलं. मंत्रालयाच्या पाहुण्यांनी सांगितलं की या माणसाने बांधलेल्या टेबलांत एकही दुहेरी नोंद सापडत नाही आणि म्हणून आता साऱ्या प्रांतात हीच टेबलं वापरायचं ठरतंय. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. एकही दुहेरी नोंद नाही, हे अक्षरशः खरं आहे. ती का नाही, एवढंच सांगायला मी उभी आहे.

टेबल म्हटलं की ज्यांना जेवणाचं टेबल आठवतं, त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. तुम्ही फोनवर किंवा संगणकावर आमचा फॉर्म भरता. नाव, फोन नंबर, पत्ता, घरात माणसं किती, आणि नकाशावर तुमच्या घराची टाचणी. बटण दाबलं की ते सगळं आमच्याकडे एका आखलेल्या तक्त्यात जाऊन बसतं. त्याला आम्ही टेबल म्हणतो. तुमची एक ओळ. प्रत्येक ओळीला एक चावी असते, म्हणजे अशी गोष्ट जी दुसऱ्या कुठल्याही ओळीत सारखी असता कामा नये. आता नदीकाठच्या घरांची नोंद करायची, तर चावी कशाची करावी? कुणी म्हणेल, माणसाच्या ओळखपत्राच्या नंबराची. कुणी म्हणेल, प्रत्येक घराला आपणच एक नंबर देऊ. इंजिनियरसाहेबांनी चावी केली टाचणीची. अक्षांश आणि रेखांश, बस्स. त्याच टाचणीवर दुसरी नोंद आली, तर ती पहिलीची दुरुस्ती आहे असं समजायचं. नवी ठेवायची, जुनी पुसायची. आणि फॉर्म भरणाऱ्याला हिरवी खूण दाखवायची.

मी तेव्हा त्या विभागात नवीन होते आणि तोंडाळ होते. नवेपणा गेला. मी म्हटलं, "साहेब, माणसं एका टेबलात ठेवू, घरं दुसऱ्यात, जागा तिसऱ्यात. मग कोण कुठे राहतं ते नात्याने जोडू. एका टाचणीवर दहा घरं आली तरी कुणी कुणाला पुसणार नाही."

"एका जागी एकच घर असतं शिनिया. हे शाळेत शिकवतात."

"आपल्याकडे पत्ता कसा सांगतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"लोकांनी सुधारावं. तीन टेबलं आणि त्यांची नाती! नगरपालिका चालवायचीय की सोयरिकी जुळवायच्यात?"

विभागातले सगळे हसले. साहेब विनोदी आहेत, हे आधीच्या वक्त्यांकडून राहून गेलं होतं, म्हणून नोंदवलं.

आता पाहुण्यांसाठी पत्त्याचं सांगते. बाकीच्यांना ते नव्याने काय सांगायचं? आपल्या रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. ला पोसात कुणालाही पत्ता विचारा. जुन्या गुऱ्हाळापासून शंभर मीटर दक्षिणेला, पन्नास मीटर नदीकडे, निळं फाटक, कुत्रा चावत नाही. पुढच्या घराचा? जुन्या गुऱ्हाळापासून दीडशे मीटर दक्षिणेला, आंब्याच्या मागे. साऱ्या वस्तीचा पत्ता गुऱ्हाळापासूनच सुरू होतो. ते गुऱ्हाळ माझ्या आजोबांच्या तरुणपणी जळालं. आज तिथे वाल्तेरचं टायरचं दुकान आहे, आणि वाल्तेरसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचा, "गुऱ्हाळावर या." यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे सुईण याच पत्त्यावर पोहोचते आणि शवपेटीही याच पत्त्यावर पोहोचते.

तर फॉर्म उघडला. ला पोसाच्या माणसाने पत्त्याच्या रकान्यात लिहायला घेतलं, जुन्या गुऱ्हाळा... तेवढ्यात फॉर्म शहाणपणाने विचारतो, जुनं गुऱ्हाळ का? आणि नकाशावर टाचणी टपकन तिथे जाऊन उभी राहते. हेच ना? माणूस म्हणतो, हो, हेच. त्याने खोटं सांगितलं का? जन्मभर जिथून पत्ता सांगितला तिथूनच सांगितला. मग आला शेजारी. तीच टाचणी. तोही हो म्हणाला. वस्तीतली तीसेक घरं, एकामागून एक, त्याच टाचणीवर आली. प्रत्येकाने आधीच्याला पुसलं आणि प्रत्येकाला हिरवी खूण मिळाली. फोनवर संदेशही आला, "तुमची नोंद झाली आहे. आता निश्चिंत राहा." हे वाक्य साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. त्यांना भाषेची आवड आहे.

सर्वांत शेवटी फॉर्म भरला वाल्तेरने. तो बिचारा खरोखरच तिथे राहत होता. म्हणजे साहेबांच्या टेबलात ला पोसाची एकच नोंद उरली आणि ती अगदी अचूक होती.

हे मला कळलं तेव्हा मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर एका टाचणीवर माझं नाव भरलं, मग त्याच टाचणीवर त्यांचं भरलं, आणि टेबल उघडून दाखवलं. माझं नाव गेलेलं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "दार लोटून घे." मी लोटलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे. मंत्री येतायत. तुला स्मशानभूमीच्या नोंदींचं काम आवडेल का? शांत असतं."

आवडलं हो. तिथे माझं मी टेबल बांधलं. कबर एका टेबलात, मेलेली माणसं दुसऱ्यात, मध्ये नातं. एकाच कुटुंबाच्या कबरीत आजोबा, आजी, दोन काका, सगळे एकमेकांना न पुसता नांदतात. एका जागी अनेक माणसं राहतात, हे आपल्या नगरपालिकेला मान्य आहे. फक्त ती मेलेली असावी लागतात.

माफ करा, महापौरबाई. घड्याळ पाहिलंत ते मी पाहिलं. लवकर संपवते. पण उद्घाटनाचं राहिलं.

उद्घाटनाला साहेबांनी फार सुंदर भाषण केलं. म्हणाले, आजपासून नदीचा इशारा प्रत्येकाच्या खिशात येईल. आणि त्याच सभेत ठराव झाला की वरच्या पुलावरून दारूचे बाण उडवायची पद्धत बंद. तुम्हाला आठवतं ना? डोंगरात पाऊस पडला आणि नदी चढली की पुलाजवळचा दुकानदार तीन बाण सोडायचा. तीन आवाज झाले की खाली लोक हातातलं टाकून वर पळायचे. आपल्याकडे पाण्याचा लोंढा येतो तेव्हा खाली लख्ख ऊन असतं. नदीकडे बघून कुणाला काही कळत नाही, जे कळायचं ते कानाने. साहेब म्हणाले, "दारूकामाने इशारे? आपण कुठल्या काळात जगतोय? यंत्रणा एकच हवी. दोन इशाऱ्यांनी गोंधळ होतो." दुकानदाराला दंडाची नोटीस गेली. तेव्हापासून बाण फक्त संताच्या उत्सवाला उडतात.

आणि मग ऑक्टोबरातला तो रविवार आला. मला सविस्तर सांगायचं नाही. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, रेडिओवर फुटबॉलचा सामना. साहेबांच्या यंत्रणेने वरच्या पाण्याची पातळी बरोबर ओळखली. नकाशावर धोक्याचा भाग बरोबर आखला. त्या भागात ज्यांची टाचणी होती त्या सर्वांना, म्हणजे ला पोसात वाल्तेरला, वेळेवर संदेश गेला. तो संदेश मी पाठ केलाय. "पाण्याचा लोंढा येत आहे. ताबडतोब उंचावर जा. हा संदेश तुमच्या वस्तीतील सर्व घरांना पाठवला आहे."

शेवटचं वाक्य ऐकलंत? भाषेची आवड.

वाल्तेरने ते वाचलं. बायकोला हाक मारली, टीव्ही गाडीत टाकला आणि टेकडीकडे निघाला. वाटेत ओदिलीच्या फाटकावरून गेला. थांबला नाही. नंतर तो मला म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांचे फोन वाजले असणार. लिहिलं होतं ना तसं. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही गं शिनिया." त्याने दुकान विकलं. आता तो कुठे असतो ते त्याच्या भावालाही सांगत नाही.

ओदिली बार्रांतेस. निळं फाटक, कुत्रा चावत नाही, तीच. नदीकाठच्या दगडांवर वाळत घातलेले कपडे काढायला ती उतरली होती. मुलीला दुकानातून तेल आणायला पाठवलं होतं आणि फोन मुलीकडे दिला होता, शिल्लक पैसे त्यावर हिशोब करून मोजून घे म्हणून. मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी होती. हातात फोन होता. फोन वाजला असता तर ती पोरगी ओरडत खाली धावली असती, आणि तिचा आवाज नदीपर्यंत पोहोचतो, मी ऐकलाय. तो वाजला नाही. त्या दिवशी ला पोसातली चार माणसं गेली. ओदिली तिसऱ्या दिवशी सापडली.

तिची नोंद मी केली, साहेब. माझ्या टेबलात ती आहे. वडिलांच्या कबरीत, वडिलांना न पुसता.

पाणी हवंय का कुणाला? मला नको. साहेबांना द्या. त्यांच्या समोरचा ग्लास रिकामा झालाय.

मग चौकशी झाली. याच सभागृहात. साहेब त्या खुर्चीत बसले होते आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे ला पोसातून एकच नोंद आहे. बाकीच्यांनी फॉर्म भरलाच नाही. ज्यांनी भरला त्यांच्यापैकी शंभर टक्के लोकांना इशारा मिळाला." शंभर टक्के! एकातला एक. हा आकडा राजधानीत इतका आवडला की वर्षभरात साहेबांना पदक मिळालं. आज त्यांनी ते कोटावर लावलंय. छान दिसतं.

ओदिलीची आई दोन्या एउलालिया त्या दिवशी मागच्या रांगेतून उठून म्हणाल्या, "भरला होता हो. माझ्या पोरीने फॉर्म भरला होता." साहेब म्हणाले, "आई, दुःखात माणसाला काहीही आठवतं." आवाज इतका मायेचा होता की दोन वर्तमानपत्रांनी ते वाक्य छापलं.

आता दोन्या एउलालिया कुठे राहतात? फुटबॉल मैदानामागे चेंडू आणि जाळी ठेवायची खोली आहे ना, तिथे. नातीला घेऊन. पत्र्याची आहे, दुपारी आत बसवत नाही. आणि टेकडीवर ला पोसाच्या लोकांसाठी बांधलेली नवी घरं कशी आहेत? रंग दिलेली, नळ बसवलेली, कुलपं लावलेली. नियम असा की घर त्यालाच, ज्याची पुरापूर्वी नोंद होती. पात्र कुटुंबं किती? एक. वाल्तेरला किल्ली देऊ केली तेव्हा तो ओकला. त्यानंतर कुणालाच दिली नाही. दोन पावसाळे ती घरं रिकामी उभी आहेत, आणि ज्यांच्यासाठी बांधली ते आज आपल्यासाठी कोंबडीचा भात आणि बिटाची रशियन कोशिंबीर करतायत. रोजंदारीवर.

नियमाला एक पळवाट आहे. नोंदप्रमुखाने सांगितलं की फॉर्म भरला गेला होता आणि नोंद यंत्रणेने पुसली, तर ते कुटुंब पात्र. मी सांगायला गेले. नगरपालिकेचे वकील म्हणाले, स्मशानभूमीच्या बाईंचं चालणार नाही, नोंदप्रमुखच हवेत. मग मी साहेबांकडे गेले. एकदा नाही, दर महिन्याला गेले. शेवटचं मागच्या आठवड्यात. तेव्हा ते काय म्हणाले ते सांगू? सांगते. म्हणाले, "शिनिया, माझी सेवा स्वच्छ आहे. शेवटच्या आठवड्यात डाग लावून घेऊ का?" मी म्हटलं, "ती नऊ वर्षांची पोर चेंडूच्या खोलीत झोपते." म्हणाले, "नव्या नोंदप्रमुखाकडे अर्ज करा." नवा नोंदप्रमुख कशाला बोलेल? तेव्हा तो इथे नव्हताच, त्याला काय ठाऊक. ही सभा संपली की साहेबांचा अधिकार संपतो आणि त्या घरांची दारं कायमची बंद होतात. म्हणून मी अजून बोलतेय. सभा अजून संपलेली नाही.

बसा साहेब, बसा. केक कापायचा राहिलाय.

तुम्ही मघापासून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि मग दाराकडे बघताय. तुमच्या पत्नी दोन्या मिरेया कुठे राहिल्या, हाच विचार ना? सांगते. त्या बाहेर आहेत. व्हरांड्यात, ध्वनिक्षेपकाखाली. चांगल्या निळ्या कपड्यांत आल्यात, केस बांधून आल्यात. पण दारावर पहारेकऱ्याने पाहुण्यांची यादी पाहिली, आणि यादीत त्यांचं नाव नाही.

असं कसं म्हणता? यादी तुमच्याच टेबलातून निघाली. तुमचीच तर इच्छा होती, निमंत्रितांची नोंद माझ्याच टेबलात करा, माझ्या कामाची आठवण म्हणून. केली. बाकी जोडप्यांना मी दारात उभी राहून ओळखीने आत घेतलं. तुमच्या घराला मात्र मी हात लावला नाही. तुमच्या कामाला मी कधी हात लावू नये, असं तुम्हीच बजावलं होतं.

काय? जरा माईकजवळ या ना. पाद्री, तो माईक त्यांच्याकडे सरकवा. ऐकू आलं का मागे? इंजिनियरसाहेब म्हणतायत, "तिने फॉर्म भरला होता."

कशावरून साहेब? दुःखात माणसाला काहीही आठवतं.

"मी स्वतः भरला," म्हणतायत. "आधी तिचा, मग माझा." वा! म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत भरला. हिरवी खूण आली होती? आली होती म्हणतायत. मग नाव कुठे गेलं? नाही नाही, पहारेकऱ्याकडे बघू नका, तो संगणक शिकलेला नाही. माझ्याकडेही बघू नका, मी स्मशानात असते. त्या टेबलाबद्दल या सभागृहात एकच माणूस अधिकाराने बोलू शकतो.

"यादी छापताना चुकली असेल." शक्य आहे. दोन्या हान्निया, छापील यादी आणि टेबल तुम्ही सकाळी ताडून पाहिलंत ना? जुळतात. चुकलेली नाही साहेब.

"शिनिया, पुरे कर." पुरे काय करू? तुमची बायको बाहेर उभी आहे. गुडघा दुखतो त्यांचा, मला ठाऊक आहे. हे क्रूर आहे का? आहे. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. मला तुमचा राग येतो साहेब, रोज सकाळी कार्यालय उघडताना येतो, आणि तो आज मी इस्त्री करून घालून आलेय.

मंत्रालयाच्या पाहुण्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. ओदिली आणि दोन्या मिरेया एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे एक मुलीची आई आणि दुसरी तिची धर्ममाता. ओदिलीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मिरेयांनीच तिला हातावर धरलं होतं. ओदिलीकडे संगणक नव्हता. तिने फॉर्म भरला तो साहेबांच्याच घरी, साहेबांच्याच संगणकावर, मिरेयांच्या शेजारी बसून. साहेब तेव्हा कॉफी घेत होते. हिरवी खूण आल्यावर ओदिलीने टाळी वाजवली, तेव्हा साहेब तिला म्हणाले, "बघ, आता नदीला घाबरायचं कारण नाही." हे मला कुणी सांगितलं? ज्या व्हरांड्यात उभ्या आहेत त्यांनी.

बोला साहेब. लोक वाट बघतायत. भात निवतोय.

हळू बोलू नका... "मिरेयाने फॉर्म भरला होता." हं. पुढे? "त्याच टाचणीवर माझा भरला. माझ्या टेबलाने तिची नोंद पुसली." आणि हे फक्त आजच झालं? कोटावरचं पदक हाताने झाकू नका, माईक धरा. काय? "नाही." काय नाही? पूर्ण वाक्य बोला. "फक्त आजच नाही. टेबल पहिल्यापासून तसंच आहे. एका टाचणीवर जितक्यांनी फॉर्म भरले, तितक्यांच्या नोंदी शेवटची सोडून पुसल्या गेल्या." ला पोसाच्याही? "ला पोसाच्याही." ओदिली बार्रांतेसची? ... नाव घ्या साहेब. तिने तुमच्या घरची कॉफी प्यायली होती.

"ओदिली बार्रांतेसचीही."

दोन्या हान्निया, लिहिलंत? कृपया वाचून दाखवता? ... धन्यवाद. अगदी शब्दशः. साहेब, ही नुसती निरोपाची सभा नाही. तुमच्या सन्मानार्थ महापौरबाईंनी नगरपरिषदेची विशेष सभा बोलावली आहे. इथे नोंदप्रमुख जे बोलतो ते इतिवृत्तात जातं, आणि इतिवृत्तात गेलेलं निवेदन ग्राह्य असतं. म्हणजे ला पोसाची कुटुंबं आता पात्र. वकिलांना विचारूनच आलेय. सही करायचीही गरज नाही. तुमची सेवा स्वच्छ राहिली, कागदाला तुमचा हातसुद्धा लागला नाही.

आता दार उघडायला सांगताय? साहेब, दार बंद नाही. कधीच नव्हतं. पहारेकऱ्याने दोन्या मिरेयांना यादी दाखवली आणि लगेच म्हणाला, "बाई, तुम्ही या ना आत, तुम्हाला कोण अडवणार?" त्याच थांबल्या. माझं नाव कसं गेलं, म्हणून त्यांनी मला बोलावून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चौकशीच्या दिवशी घरी येऊन त्याने मला सांगितलं होतं की ओदिलीने फॉर्म भरल्याचं तुला नीट आठवत नाही. दोन वर्षं मी स्वतःवरच संशय घेत जगले गं. तो हे तोंडाने बोलत नाही, तोपर्यंत मी आत यायची नाही."

बोललात. त्यांनी ऐकलं. त्या आत येतायत, बघा. उठू नका साहेब, खुर्ची पुढे ओढू नका. त्या इकडे येत नाहीयेत. त्या स्वयंपाकघराकडे चालल्यात. दोन्या एउलालिया, जरा सरकून घ्या, त्यांना बसायला स्टूल द्या.

तर, महापौरबाईंनी मला वेळ दिला, आणि घड्याळ पाहूनही दिला, त्याबद्दल त्यांची मी आभारी आहे. पाहुण्यांनी प्रांतभर ही टेबलं न्यायच्या आधी आमच्याकडे मुक्काम केला, त्यांचेही आभार. दोन्या हान्निया यांच्या वेगवान अक्षराचे आभार. माझ्या बोलण्यात काही जास्त-कमी झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं, ही विनंती. सत्कारमूर्तींनी नाही घातलं तरी मी समजून घेईन.

आता सगळ्यांनी जेवायला चलावं. मेज मांडलेलं आहे, पानं वाढलेली आहेत. इंजिनियरसाहेब, तुमच्या घरची पानं मात्र तुमच्याच टेबलावरून मोजलीत. एकच वाढलंय. ते तुमचं आहे. दोन्या मिरेया आत, ला पोसाच्या बायांबरोबर जेवणार आहेत.